उजेड बघून काढलेले व्हिडिओ

अंधेरीतल्या एका ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीवर मी होतो. त्या मुलीचं नाव इथं लिहीत नाही. माझ्यामुळे तिचं आधीच पुरेसं नुकसान झालंय.

तिला बीएस्सीला जायचं होतं आणि फी भरायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. अर्ज द्यायला आली तेव्हा मीच म्हणालो, "वस्तीतल्या मुलांना विज्ञान शिकवतेस ना, त्याचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाक. समिती बघते. फक्त चांगल्या उजेडात काढ." अर्जदारांना असा सल्ला द्यायची आम्हाला मनाई होती.

मुलाखतीत तिनं ओढणीनं मोबाईल पुसला आणि समोर धरला. व्हिडिओत ती चार लिंबांवर इवलासा दिवा लावून दाखवत होती. शेजारच्या सदस्यानं तो थांबवला.

"मागे दोन दारांचा फ्रिज दिसतोय. हे तुझं घर?"

"नाही सर, आई तिथं पोळ्या करते. आमच्या खोलीत दिवसाही अंधार असतो."

"मग त्या घरच्या बाईंचा नंबर दे, विचारून घेतो."

तिनं नंबर दिला नाही, मोबाईल परत घेतला. उजेडाचं मी सांगितलं होतं, एवढंच मला बोलायचं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर जिन्यात बसून ती एकेक व्हिडिओ डिलीट करत होती.

"न विचारता काढले होते, काका. बाईंना कळलं तर आईचं काम जाईल."

"पुढच्या वर्षी परत अर्ज कर," मी म्हणालो.

"हो काका," ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला म्हणतात, तसं.