धुळवडीला ओली होणारी तलवार

आधीच सांगते, मी देवभोळी बाई नाही. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू मी बिनधास्त ओलांडते. एकदा तर उचलून आणून सरबत केलं होतं, आणि ते प्यायलेली सगळी माणसं आजही ठणठणीत आहेत. त्यामुळे "ताई, तुमचा विश्वास आहे म्हणून तुम्हाला असं वाटलं" हे खाली कुणी लिहू नका. विश्वास नव्हता. आता आहे का, असं विचाराल तर... आधी वाचा.

आम्ही देवळाली प्रवराचे. घर गावाबाहेर, कालव्याच्या अलीकडे, चारी बाजूंनी ऊस. मिस्टरांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान, माझं घरातच शिवणकाम. लेक लग्न होऊन पुण्याला. मिस्टरांचं नाव सोपान. हे नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, नंतर कधी सरकारी कामात साहेबानं विचारलं तर. एरवी आयुष्यभर "अहो". ते मात्र मला नावानंच हाक मारायचे, तीही फाटकापासून, पलीकडच्या वस्तीवर ऐकू जाईल अशी.

त्यांना नाद तलवारींचा. बंगला बांधला तेव्हा मी म्हटलं, हॉलच्या त्या भिंतीवर टीव्ही लावू. छे! तिथं लाल मखमलीचा बोर्ड, वर फोकस लाइट, मधोमध ढाल आणि तिच्यावर आडव्यातिडव्या तलवारी. सगळ्या शोच्या, बिनधारेच्या, लग्नात नवरदेवाच्या हातात देतात तसल्या. पाहुणा आला की चहाच्या आधी तलवार. "अहो, त्यांना पाणी तरी पिऊ द्या," मी ओरडायची. दसऱ्याला तर विचारूच नका... झेंडूचे हार, नारळ, फोटो, स्टेटस! हौसेला मोल नसतं म्हणतात. मी म्हणायची, अक्कलही नसते.

मग एका पावसाळ्यात हे मित्रांबरोबर भंडारदऱ्याला गेले आणि येताना खरी जुनी तलवार घेऊन आले. अकोले तालुक्यातल्या कुठल्याशा वाडीत चहाला थांबले होते. तिथं रखमाजीबाबा म्हणून एका भातशेती करणाऱ्या म्हाताऱ्याच्या देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात गुंडाळलेली होती. बाबांना मुलगा नाही, मुली सासरी, गुडघे गेलेले. ह्यांनी तलवारीचं कौतुक केलं, तर बाबा म्हणाले, "पैसं नको. सांबाळाल का?" हे म्हणाले, "सांभाळू की!" एवढ्यावर काम झालं. बाबा आणखी बरंच काही सांगत होते म्हणे, पण जीपवाला हॉर्न वाजवत होता.

घरी आल्यावर ह्यांनी फडकं काढून बाजूला टाकलं, पातं आणि मूठ घासून लख्ख केली. एकच तक्रार, मूठ हातात नीट बसत नाही. बोटांच्या जागी झीज होती, पण ती भलत्या बाजूला. "घडवणाऱ्याचाच हात वाकडा असेल," म्हणाले आणि तलवार म्यानात घालून बोर्डाच्या मधोमध लावली, खाली सोफा.

पुढच्या धुळवडीला दुपारी मी पुरणाची भांडी आवरून बाहेर आले तर सोफा ओला. अगदी चिंब, तलवारीच्या बरोबर खाली. एसी गळला असणार म्हणून मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. मेकॅनिक आला, म्हणाला, "काकू, एसी अजून चालूच केला नाही तुम्ही यंदा." बरं, पाणी तरी साधं असावं ना? उशीच्या शिवणीत वाळू अडकलेली. बारीक, काळसर, नदीची. मी शिवणकाम करणारी बाई, शिवणीत काय अडकतं ते मला बरोब्बर कळतं.

त्या वर्षी आम्ही विषय सोडून दिला. पुढच्या वर्षी मात्र धुळवडीला मी समोरच बसले होते, ब्लाउजला हुक लावत. दारं-खिडक्या बंद, बाहेर पोरांचा रंगाचा धिंगाणा. टप्. टप्. म्यानाच्या टोकातून थेंब पडत होते. हे आले, त्यांनी तलवार उतरवली आणि उपसली. म्यानातून बदाबदा पाणी सांडलं. फरशीवर शेवाळाची एक हिरवी बट पडली. ती मी केरसुणीनं भरली आणि थेट फाटकाबाहेर टाकून आले. खोटं कशाला सांगू, तेव्हा घाबरले मी. चांगलीच घाबरले.

ह्यांनी मित्राकडून नंबर मिळवून रखमाजीबाबांना फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"पानी येनारच की," बाबा म्हणाले, जणू आम्ही गाय दूध देते असं काही सांगितलंय. "आमचा वीर हाय त्यो. सांगितलं नव्हतं का तुमास्नी?"

आमच्याकडची ही रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घराण्यातला कुणी पूर्वज लढाईत नाहीतर अवेळी गेला की त्याचा वीर बसवतात. बहुतेक घरी चांदीचा टाक असतो. धुळवडीला घरातला एक पुरुष तो वीर हातात घेऊन वाजतगाजत नदीवर जातो, त्याला अंघोळ घालतो आणि परत आणून जागेवर बसवतो. बाबांच्या घरी टाक नव्हता, तलवारच होती.

"न्हाई नेला तर त्यो आपला आपन जाऊन येतो," बाबा म्हणाले. "पर असं लई दिस करू नये. न्या त्याला. गुडघाभर पान्यात जायाचं, तीन डाव बुडवायचं, माघारी यायाचं. आन एक ध्यानात ठेवा. हातात वीर हाय तवर त्या मानसाला नावानं हाक मारायची न्हाई. आईनं न्हाई, बायकुनं न्हाई."

"मारली तर?" मी विचारलं.

"नका मारू म्हन्जे झालं."

मी ह्यांना म्हटलं, तलवार परत देऊन या. पण बाबांना ती नको होती, आणि ह्यांना द्यायची नव्हती. "एकदा दिलेला शब्द आहे. सांभाळतो म्हणालोय मी," म्हणाले. आता मात्र पुरुषाला शब्द आठवला! शेवटी ठरलं, पुढच्या धुळवडीला रीतीप्रमाणे नदीवर न्यायची. लाल फडकं मीच शिवलं, चांगल्या कापडाचं, कडेनं जर लावून.

धुळवडीच्या दिवशी माझे धाकटे दीर, बाळूभाऊजी, हलगी घेऊन आले. आम्ही तिघं गाडीनं प्रवरेच्या बंधाऱ्यावर गेलो. त्या आठवड्यात धरणातून आवर्तन सुटलेलं, पाणी तुडुंब. काठावर रंगलेली पोरं, आणखी दोन-तीन घरचे वीर, गुलाल, आरडाओरडा. ऊन मी म्हणत होतं. ह्यांनी तलवार उजव्या हातात धरली आणि पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात थांबले, तीनदा बुडवली. मी मनात म्हटलं, सुटलो बाई.

आणि हे पुढे चालायला लागले.

"दादा, बास! माघारी फिर!" बाळूभाऊजी ओरडले. कंबरभर पाणी. ह्यांना पोहता येत नाही, सांगून ठेवते. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासून कालव्याच्या कडेनंसुद्धा चालत नसत. आणि आता चालले होते सरळ, मान ताठ, ओळखीच्या वाटेनं जावं तसे. "अहो!" मी ओरडले. "अहो! ऐकलं का! अहो!" अहो, काठावर निम्म्या बायका कुणाला ना कुणाला अहो म्हणून ओरडत होत्या. कोण वळणार? भाऊजींनी हलगी टाकून पाण्यात उडी घेतली, पण ते लांब होते. पाणी छातीला लागलं. मग हनुवटीला.

"सोपान!"

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. तुम्हीच सांगा, नवरा डोळ्यादेखत बुडत असताना रीत आठवते का कुणाला?

ते थांबले. सावकाश वळले आणि पाण्यातून चालत बाहेर आले. मी रडत, शिव्या देत त्यांना मिठी मारली, भर काठावर, लोकलाज सोडून. तेव्हा कळलं की ते नुसते उभे आहेत. माझ्याकडं बघत होते, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस घरमालकिणीकडं बघतो तसे. आणि तलवार त्यांच्या डाव्या हातात होती.

नगरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. मानसिक धक्का आहे, वेळ द्या म्हणाले. वेळ देतेय. ते जेवतात, शेतात जातात, कुणाला त्रास नाही. पण भाकरी डाव्या हातानं खातात. पाइपांच्या दुकानात पाऊल ठेवत नाहीत, ते आता भाऊजी बघतात. लेक आली, गळ्यात पडून रडली, तर तिच्या डोक्यावर परक्या बाईच्या ठेवावा तसा हात ठेवला. मला "बाई" म्हणतात. फाटकापासून येणारी ती हाक, जिला मी आयुष्यभर वैतागले... ती ऐकायला कान आसुसलेत माझे. मला माझा माणूस हवाय हो. तलवारी मिरवणारा, वेडा, बडबड्या, तोच हवाय.

आणि तलवार मी परत भिंतीवर लावली, तिच्याकडं ते आता ढुंकूनही बघत नाहीत. मी एकदा मुद्दाम हातात द्यायला गेले, तर भिंतीपर्यंत मागं सरकले.

सोपान म्हणून हाक मारली तर मान वळत नाही. अहो म्हटलं की वळतात. अहो काय, कुणालाही लागू पडतं.

रखमाजीबाबांना फोन करून सगळं सांगितलं. डाव्या हाताचं तेवढं त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आमचा वीर डावखुरा हुता, पोरी. आज्जा सांगायचा." मी विचारलं, यावर काही उपाय? "काय की... पुन्ना नदीवर न्यावं, आन गेलेल्याला तितं हाक मारावी, असं म्हनायचे जुने लोक. पर करून कुनी बगितलं न्हाई. बायामानसाचं तर ते कामच न्हाई."

यंदाच्या धुळवडीला मी सकाळपासून त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. हे समोरच्या ओट्यावर, नेहमीसारखे गप्प. ऊन वर आलं आणि म्यानाच्या टोकातून थेंब पडायला लागले. मला वाटलं होतं, आता कोरडं राहील. जो होता तो तर बाहेर आलाय, मग आत कोण आहे? मी उठून अगदी भिंतीजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "सोपान?"

ओट्यावरच्या माणसानं मान वर केली नाही. थेंब मात्र थांबले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. डॉक्टरांकडं नाही, बाबांकडंही नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा, पण "डॉक्टर बदला" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. पुढच्या धुळवडीला तलवार घेऊन पाण्यात मी उतरणार आहे. बायकांनी वीर धरायचा नसतो, भाऊजी दहादा सांगून थकले. नसू दे. त्या पाण्यात मला एक नाव मोठ्यानं घ्यायचंय, आणि तेवढा वेळ माझं नाव कुणी घेऊ नये एवढीच काळजी. लाल फडकं नवीन शिवून ठेवलंय.

म्हणूनच इथं माझं नाव लिहिलेलं नाही. कुणाला माहीत असेल, तर कृपा करून खाली लिहू नका.