माती उचलून सांग

परवा जैनाबादचा गिरधर पैलवान गेला. म्हातारा होऊन, नातवंडांच्या गराड्यात, सुखानं गेला. देव त्याचं भलं करो. पण त्याला पोहोचवून आलेली माणसं माझ्याच ओसरीवर चहा पिता पिता काय म्हणाली, तर “एवढा मर्द गडी, पण वस्ताद मिळाला नुरा करणारा.” माझं डोकं असं फिरलं म्हणता! किटली तशीच उचलून आत नेली मी. तो वस्ताद म्हणजे माझा पाठचा भाऊ, चुडामण. मेल्यांनो, तुम्हाला काय ठाऊक? इतकी वर्षं गिरधरसाठी तोंडाला कुलूप घातलं होतं. आता तो नाही, तर कोणासाठी गप्प बसू?

तापीकाठी सिंधीपुऱ्यात आमची तालीम होती. मी धुरपदा, लवकर कपाळ पुसून माहेरी आले ती इथंच राहिले. चुडामणनं लग्नच केलं नाही. तालमीतली पोरं हाच त्याचा संसार, आणि त्या संसाराच्या भाकरी थापायला मी. आखाड्याची मातीही मीच करायची. चाळायची, ताक, हळद, तेल, कापूर घालून मळायची. माझे हात पिवळेच असायचे. पण बाईनं आखाड्यात पाय ठेवायचा नाही म्हणे! माती माझी, आणि पाय ठेवायचा नाही. वा रे रीत!

इच्छापूरच्या देवीची यात्रा झाली की चुडामण तापीच्या वाळूत दंगल भरवायचा. लहानशीच. पण तिची एक शिस्त होती. कुस्तीआधी दोन्ही पैलवानांनी चिमूटभर माती उचलून कपाळाला लावायची आणि मोठ्यानं म्हणायचं, “कुस्ती खरी.” मग चुडामण स्वतः माती उचलायचा आणि तेच म्हणायचा. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती, कोणी पडायचं ते बोलून घेतलेलं. त्या नुरा कुस्तीचा त्याला इतका तिटकारा, की तसल्या पैलवानाला तो पाणी विचारायचा नाही.

मग संस्थानं विलीन झाली. गावात पेढे वाटले, झेंडे लागले, चांगलंच झालं. पण राजेलोकांनी पाळलेल्या पैलवानांचं काय, हे कोणी विचारलं नाही. दूध बंद, बदाम बंद. ज्यांची नुसती नावं ऐकली होती ते गडी वळकटी काखेत मारून आमच्या दारात उभे राहायला लागले. चुडामण हरखला. वाळूत कनाती उभारल्या, तिकीट लावलं. म्हणाला, “जिजी, आता बघ आपली दंगल कुठल्या कुठे जाते!”

कुठे जाते, ते मी बघितलंच. ह्या पैलवानांना पोटासाठी आज इथं, चार दिवसांनी तिथं लढायचं. खरी कुस्ती करून अंग मोडून घेतलं तर पुढच्या गावी काय दाखवणार? म्हणून गावोगावी नुरा सुरू झाली. स्टेशनाकडे तंबूवाली कंपनी आली, तिथं तर बँड वाजवून पाडापाडी. लोक हुशार झाले. मोठा गडी पटकन पडला की ओरडायचे, “नूरा है! पैसे वापस!” बाकीच्या दंगली एकेक करून बसल्या. चुडामणची तेवढी चालू राहिली, कारण लोकांना त्या मातीचा भरवसा होता.

त्या साली माळव्याकडचा यादव पैलवान आला. एके काळी राजानं त्याला हत्तीवरून मिरवला होता. आमच्याकडे आला तेव्हा अंगरखा खांद्यावर लोंबत होता. मी भाकरी वाढली तर ताटाला नमस्कार करून जेवला. त्याची जोड लागली आमच्या गिरधरशी. गिरधर तेव्हा ऐन भरातला, केळीच्या मळ्यात राबलेला, चुडामणनं लेकासारखा वाढवलेला.

दंगलीच्या सकाळी मी माती मळत होते. यादव पैलवान चुडामणला बाजूला घेऊन म्हणाला, “चुडामणभाऊ, माझ्यात आता काही राहिलं नाही. पोरगं मला उचलून आपटेल. कुस्ती बरोबरीत सोडव. मी इज्जतीनं घरी जाईन, पुन्हा लंगोट लावणार नाही.”

चुडामणनं त्याचे हात हातात घेतले. मग म्हणाला, “दादा, मी माती उचलतो. कसं करू?”

“बरं,” यादव म्हणाला. मी तिथंच ओरडायला हवं होतं का? पण तालमीच्या गोष्टीत माझं कोण ऐकणार?

माती उचलली, “कुस्ती खरी” झालं, हलगी लागली. मी कनातीच्या फटीतून बघत होते. हलगी तापायच्या आतच गिरधरनं धोबीपछाड मारली आणि यादव मानेवर आला. उठेना. हात हलेना. आणि लोक काय करत होते? हसत होते! “नूरा! नूरा! उठ रे बुड्ढे, खेल खतम!” चपला आल्या, वाळू आली, कनाती फाडल्या. चुडामण हात जोडून ओरडत होता, “खरी आहे हो! खरी आहे!” कोण ऐकतं? मी रीतबीत सगळी तापीत सोडली आणि आखाड्यात शिरले. पदर यादवच्या तोंडावर धरला. त्याच्या डोळ्यांत वाळू गेली होती आणि ती पुसायला त्याचा हात उठत नव्हता.

आम्ही त्याला घरी आणलं. डॉक्टर झाले, हाडवैद्य झाले. मानेखालचं सगळं गेलं होतं. चुडामण त्याला भरवायचा, धुवायचा. एकदाच म्हणाला, “जिजी, मी एक ‘हो’ म्हटलं असतं तर...” आणि चुलीपुढे बसून लहान पोरासारखा रडला.

तिकडे गिरधरनं अन्न सोडलं. रोज यायचा, उंबऱ्याबाहेर बसायचा. “मी बापासारख्या माणसाला जिवंतपणी मारलं,” हेच एक. तापीच्या डोहाकडे जाऊन बसतो असं जैनाबादचे लोक सांगायला लागले.

एका दुपारी यादव खाटेवरून म्हणाला, “गिरधर, आत ये. तुझ्या डावानं नाही पडलो मी. नुरा होती. वस्तादाचं आणि माझं ठरलेलं. मीच अंग टाकलं, चुकीचं पडलो.”

मी दाराशी धान्य निवडत होते. सूप हातातच राहिलं.

गिरधर म्हणाला, “खोटं. वस्ताद नुरा करत नाही.” मग चुडामणकडे वळला. “वस्ताद, माती उचलून सांगा.”

चुडामणनं यादवकडे बघितलं. यादवला मानही हलवता येत नव्हती. नुसते डोळे. तालीम ओसरीला लागूनच. चुडामण उठला, आखाड्यात उतरला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि म्हणाला, “नुरा होती.”

गिरधर आखाड्याच्या कडेला आला. मग आखाड्यात थुंकला आणि निघून गेला. पण त्या रात्री जेवला, हे त्याच्या आईनंच मला सांगितलं.

जेवला, जगला आणि गावभर सांगत सुटला. त्याचं तरी काय चुकलं? पुढच्या यात्रेला वाळूत काळं कुत्रं आलं नाही. यादव त्याआधीच गेला. चुडामण मात्र बरीच वर्षं जगला. आखाड्यात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही, तिथं गवत माजलं. बाजारात पोरं मागून “नूरा उस्ताद” म्हणून हाका मारायची. तो मान खाली घालून भाजी घेऊन यायचा.

चुडामण गेला तेव्हा गिरधर आला होता, कडेवर लेक घेऊन. अंगानं भरलेला, चेहरा शांत. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “जिजी, वस्तादानं मला सगळं दिलं. पण ती एक नुरा केली, ती काही मला विसरता येत नाही.”

माझ्या ओठांवर आलं होतं हो! भाऊ समोर पांढऱ्या कपड्यात पडलेला. पण कडेवरची ती पोर बापाच्या मानेला मिठी मारून झोपली होती.

मी म्हटलं, “हो रे बाबा. केली खरी.”