आण्णांची बाजू दीड बोट वर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गणपती कांबळे यांनी तीस वर्षं एकच काम केलं, बसलेल्या गाड्या उचलल्या. उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा, ज्यांची ज्यांची कंबर ओझ्यानं खचली त्या सगळ्या त्यांच्या दारात यायच्या आणि स्प्रिंगचा एखादा पाटा वाढवून घेऊन ताठ होऊन जायच्या. चौदा एप्रिल सोडला तर दुकान कधी बंद नसे. अशा माणसाला २००१ साली विश्वजितनं येऊन सांगितलं, की मामा, माझी गाडी खाली बसवायची आहे.

पोराला बरं नसावं असं गणपतींना वाटलं.

गाडी पांढरी मर्सिडीज होती, मुंबईहून जुनी आणलेली, पण अजून नवरीसारखी नटलेली. विश्वजित चाकापाशी उकिडवा बसला. "ही फट बघा मामा. चाकाच्या वर अख्खा पंजा जातोय. बाहेरच्या देशात चाक कसं आत गेल्यालं असतंय."

"तिकडं रस्त्यात खड्डं नसतील," गणपती म्हणाले.

विश्वजित परका नव्हता. वारणानगरजवळच्या आण्णांचा तो एकुलता मुलगा. गणपतींनी दुकान टाकलं तेव्हा पहिले दोन महिने कुणी फिरकेना. तेव्हा आण्णांनी आपली ट्रॉली आणून दारात उभी केली, बाकावर ऐसपैस बसून चहा मागवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारमारून सांगितलं, की ह्या माणसाच्या हातात कसब हाय. गणपती ते कधीच विसरले नाहीत, आणि विसरावं असं ते नव्हतंही. पुढं आण्णांनी जीप घेतली. त्या जीपचे पाटे गणपतींनी चार वेळा भरले.

आणि तीच जीप ह्या दिवट्यानं विकली होती! आण्णा बहिणीकडं राधानगरीला गेले होते, तेवढ्यात. का, तर शेडमध्ये ह्या पांढऱ्या बाईला जागा हवी म्हणून. आण्णा परत आले, शेडकडं एकदा बघितलं आणि घरात गेले. त्याला दोन महिने झाले होते. एवढ्या काळात ते मुलाशी एक अक्षर बोलले नव्हते आणि त्या गाडीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. बाजारला यायचं तर एसटीनं.

हे सगळं ठाऊक असल्यामुळं गणपतींना खरं तर विश्वजितला हाकलून द्यायचं होतं. पण तो जाता जाता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पलीकडचा एकजण गॅसनं स्प्रिंग कापून देतो म्हणतोय."

गॅसचं नाव निघालं आणि गणपती उठले. गॅसनं तापलेली स्प्रिंग म्हणजे पाणी उतरलेलं लोखंड, कधी मोडेल सांगता येत नाही. आणि त्या गाडीत आक्का, म्हणजे विश्वजितची आई, बसणार होत्या. "कुणाच्या हातात द्यायची न्हाय. मी आणतो तयार स्प्रिंगा," ते म्हणून बसले.

म्हणणं सोपं होतं. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात ते दोन दिवस फिरले. तिथल्या एका दुकानदारानं त्यांना खालीवर न्याहाळून विचारलं, "गाडी उंच करायची असेल ना काका?" पुण्यात तेच, बेळगावात तेच. चंदगडच्या साडूनं गोव्यात चौकशी केली, तर तिथून बोटीच्या इंजिनाची स्प्रिंग आली. शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, प्रसेनजीतनं, सायबर कॅफेत बसून कागद छापून पाठवले. जर्मनीत एक कंपनी फक्त गाड्या खाली बसवायच्याच स्प्रिंगा बनवते, हे त्यात वाचून गणपतींनी कपाळाला हात लावला. पण कागदात एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली. स्प्रिंगच्या डोक्यावर रबर बसतं, त्यावर टिपके असतात. एक टिपका पातळ, चार टिपके जाड. ज्या कोपऱ्यावर जास्त भार, तिथं जास्त टिपक्यांचं रबर.

"म्हंजे जर्मन माणूस माझ्यासारखाच हाय," ते म्हणाले.

कारण गणपतींची रीतच ती होती. रिकामी गाडी ते कधी मापत नसत. ट्रॉली ऊस भरून आणायची, टेम्पो कॅन भरून, आणि घरची गाडी घरची माणसं बसवून. चाकावरच्या फटीत बोटं घालून ते माप घ्यायचे. टेप खिशातच असे, तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. त्यांनी विश्वजितला निरोप धाडला, सगळ्यांना घेऊन ये, जो ज्या जागेवर बसतो तसा.

विश्वजित आला. शेजारी बायको अक्षता, मागं आक्का. आक्कांच्या डावीकडची जागा रिकामी होती.

"तिथं आण्णा बसणार," गणपती म्हणाले.

"ते कुठलं बसत्यात मामा. तिघांचंच धरा."

गणपतींनी ऐकलं नाही. आण्णा ऐन उमेदीत तालमीत घुमलेले, वजन नव्वद किलो. जीपच्या वेळेपासून तो आकडा त्यांना पाठ होता. त्यांनी ओळखीच्या अडत्याकडून तीस किलोचे गुळाचे तीन रवे, म्हणजे ढेपा, मागवल्या आणि डाव्या जागेवर रचल्या. आक्कांनी पदर सावरत गुळाकडं बघितलं. "ह्यो बरा हाय. रुसत तरी न्हाय."

महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्यामार्फत खोकं आलं. निळ्या रंगाच्या चार स्प्रिंगा आणि रबरं. गणपतींनी मागच्या डाव्या कोपऱ्याला चार टिपक्यांचं रबर घातलं, बाकीच्यांना पातळ. गाडी छान खाली बसली, चाकावर दोन बोटांची फट. फक्त मागची डावी बाजू दीड बोट वर राहिली.

विश्वजितनं लांबून बघितलं, जवळून बघितलं. "वाकडी दिसतीया की."

"आण्णा बसले की सरळ हुईल."

"आणि न्हाई बसले तर?"

"तर वाकडी चालव. वडलांची जागा धरून बसवलीया. ते रबर मी काढणार न्हाय."

तेव्हापासून कोल्हापुरात ती पांढरी गाडी एक खांदा उडवून हिंडू लागली. उद्यमनगरातले लोक विचारायचे, काय गणपती, म्हातारपणी डोळे गेले का. गणपतींना ते लागायचं. तीस वर्षांत त्यांच्या हातची गाडी कधी वाकडी उभी राहिली नव्हती. पण त्याहून त्यांना त्या रिकाम्या जागेचं लागत होतं. आण्णा आणि विश्वजित एका छपराखाली पाठ फिरवून बसलेत, हे त्यांना बघवत नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी ते एसटीनं आण्णांच्या गावी गेले. आण्णा सोप्यात घोंगडं पांघरून बसले होते, पाण्याचा तांब्या शेजारी.

"आण्णा, तुमच्यापायी कोल्हापूर मला हसतंय," गणपती म्हणाले. "तुमच्या वजनावर गाडी बांधलीया. तुम्ही बसत न्हाय, आणि माझं काम वाकडं दिसतंय."

आण्णा तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. "पोरासाठी न्हाय," ते म्हणाले. "तुझ्या कामासाठी बसतो. एकदाच."

अंगणात अक्षता आणि आक्का आधीच गाडीत जाऊन बसल्या, कुणाचं मन पालटायला नको म्हणून. विश्वजितनं मागचं डावं दार उघडून धरलं. आण्णा घोंगड्यासकट, फेटा सावरत, त्याच्याकडं न बघता आत बसले. दार लागलं. विश्वजित पुढं बसला. गणपती मांडी घालून चाकापाशी बसले आणि फटीत बोटं घातली.

अर्धं बोट जास्त.

ते उजवीकडं जाऊन आले. पुन्हा मापलं. टायरमधली हवा बघितली, अंगणाचा उतार बघितला, कधी नव्हे तो खिशातला टेप काढला. अर्धं बोट तसंच. मग त्यांनी सोप्यातल्या गुळाच्या थप्पीतला दहा किलोचा एक रवा आणून आण्णांच्या पायाशी ठेवला. थोडा फरक पडला. दुसरा ठेवला. गाडी ओळंब्यात आली.

गणपती तसेच गुडघ्यावर बसून राहिले. घोंगडं बाजूला सरकलं होतं, आणि सदऱ्याच्या बाहीतला आण्णांचा दंड आता त्यांना नीट दिसला. "आक्का, आण्णा जेवत्यात का?"

"रागानं वाळल्यात," आक्का म्हणाल्या. "सदरं ढगळ झाल्यात. पर जेवत्यात की. उलट दोन भाकरी जास्तच. आन् पाणी तर घागरीनं."

घरातल्या प्रत्येकानं आण्णांचं वाळणं रुसव्याच्या नावावर टाकलं होतं. विश्वजितनं तर सात महिन्यांत त्यांच्या पंगतीला बसून बघितलंच नव्हतं. तो खाली उतरून गणपतींजवळ आला आणि हळूच म्हणाला, "स्प्रिंग चुकली काय मामा?"

"स्प्रिंग बरोबर हाय," गणपती म्हणाले. "माणूस वीस किलोनं कमी झालाय. असाच दवाखान्यात ने."

विश्वजितचा चेहरा पडला. तो गाडीत बसला, चावी फिरवली. आण्णा उतरायला निघाले होते. आक्कांनी त्यांचा हात धरून ठेवला. फाटकापाशी आण्णांचा आवाज आला, सात महिन्यांतला मुलासाठीचा पहिला.

"सावकाश चालव. खड्डं हायत."

कोल्हापुरात रक्त तपासलं, तर साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर गेला असता तर अवघड होतं. सुया सुरू झाल्या, पथ्य सुरू झालं. दर आठवड्याला विश्वजित त्यांना गाडीतून आणायचा, आणि दवाखान्याआधी गाडी मापासाठी गणपतींच्या दारात थांबायची. दोन्ही रवे आण्णांच्या पायाशी असत. हिवाळ्यात गणपतींनी एक रवा काढायला लावला.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी गाडी पुन्हा दारात आली. पुढून विश्वजित उतरला, त्याच्या हातात उरलेला रवा होता. मागच्या काचेतून आण्णा म्हणाले, "तुला घे ह्यो. गाडीत आता त्याला जागा न्हाय, आन् घरात मला कोण खाऊ देईना."

ते उतरायला लागले तसे गणपतींनी हात वर केला. "थांबा आण्णा, उतरू नका."

ते मागच्या डाव्या चाकापाशी बसले आणि फटीत बोटं घातली. मग उजवीकडं जाऊन तिथंही घातली. इकडं दोन, तिकडं दोन. गणपती उठले, बनियनला हात पुसले आणि मग आण्णांचं दार उघडलं.