म्हाताऱ्या मशीनमधली पत्रिका

आमच्या घरात कंप्युटर एकच होता, पण त्याच्या पोटात आणखी तीन होते; आणि माझ्या बहिणीच्या, रूपालीच्या, लग्नाची पत्रिका त्या तिघांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याच्या पोटात होती.

हे जरा उलगडून सांगतो. (आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगताना माझा अख्खा रविवार गेला होता. तुमचा एवढा घेणार नाही.) पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम मी आमच्या बेंबळी गावात घरी बसून करतो. ते नव्या कंप्युटरवर चालतं तसं जुन्यापान्यावरही चाललं पाहिजे. आता इतके कंप्युटर आणायचे कुठून? म्हणून लॅपटॉपच्या आतच खोटे कंप्युटर उभे करायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वागायला अगदी खऱ्यासारखे, फक्त हात लावता येत नाही.

"म्हंजे ह्यो गाभण हाय म्हन की!" आबा म्हणाले.

"तसंच समजा."

"तरीच लई तापतोय!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

आबा शाळेत कारकून होते. निवृत्त होऊन शेतीला लागले, पण बोटं अजून कारकुनाचीच. मी सगळ्यात जुनं मशीन सुरू केलं आणि ते खुर्चीतून उठलेच! "अरे, ह्यो तर माझा कंप्युटर!" तोच निळा पडदा, तीच चित्रं, मराठी टायपिंगची तीच जुनी पद्धत. गावाला गेलेला दोस्त परत भेटावा तसं त्यांनी पडद्याला हात लावून बघितलं. मग जाहीर केलं, "रूपीची पत्रिका म्या हितंच करनार. छापखान्यातली पोरं लई चुका करत्यात."

झालं! दुपारी मी जेवायला उठलो की आबा मशीनवर. त्या मशीनच्या चौकटीत माऊसचा बाण एकदा शिरला की सहजी बाहेर येत नाही, त्यासाठी एक ठरावीक बटण दाबावं लागतं. आबांना ते बटण मान्य नव्हतं. त्यांनी माऊस ओढत टेबलाच्या कडेपर्यंत नेला, टेबल संपलं म्हणून भिंतीवर चढवला, आणि वायर संपल्यावर मला हाक मारली, "महेश! बाण अडकला रे आत! आता काय खिडकीतनं काढू व्हय?"

पण पत्रिका झाली, आणि काय झाली! भावकीतला एकही माणूस सुटला नव्हता. निमंत्रकांत सगळ्यात वर दत्तूकाकांचं नाव होतं. दत्तूकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. नळदुर्गला हायवेवर त्यांचा ढाबा आहे. रूपाली हायस्कूलची सगळी वर्षं त्यांच्याकडे राहून शिकली. ट्रकवाले बिलासाठी खोळंबलेले असायचे आणि काका गल्ल्यावर बसून तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. तिला कधी ताप आला तर ढाबा बंद!

पत्रिका झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, काका आमच्याकडे आले आणि त्यांना कळलं की लग्नाचा आचारी ठरला.

"दादा, मी ढाबेवाला मानूस. आख्खा हायवे माझ्या हातचं जेवतोय. आन् माझ्या पोरीच्या लग्नात आचारी भाईरचा?"

"तुला तरास नगं म्हनून ठरवला रे."

"पोरगी माझ्या घरात वाढली, तवा तरास झाला न्हाय व्हय मला?"

"म्हंजे उपकार काढायला आलास का तू?"

काका चहा न घेता निघून गेले. आबा तरातरा येऊन मशीनपुढे बसले आणि त्यांनी काकांचं नाव मागून पुढे एकेक अक्षर करत पुसलं. मग बराच वेळ तिथल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. भावकीतल्या कुणीतरी ही बातमी नळदुर्गला पोचवली (भावकी त्यासाठीच असते!) आणि काकांचा निरोप आला, "जिथं नाव न्हाय, तिथं म्या पाय ठेवनार न्हाय."

रूपाली भांडली नाही, रडलीही नाही. फक्त मला म्हणाली, "भैया, काका न्हाईत आले तर अक्षता पडताना मी कुनाकडं बगू?"

मला ते ऐकवेना. मी आबांकडे वकिली करायला गेलो. "आबा, नाव परत घाला की."

"त्याला यायचं आसंल तर यील. मी कुनाच्या पाया पडत न्हाय."

तेवढ्यात लाईट गेली! माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती, तीही गेली. लाईट आल्यावर दोन मशीन गुमान सुरू झाली. म्हातारं मात्र उठेना. काळा पडदा आणि वर इंग्रजीची एक ओळ, बस्स! मी त्याला मेमरी वाढवून दिली. मग कमी करून बघितली. बाकीची दोन मशीन बंद केली. सेटिंग बदलली, परत पहिल्यासारखी केली. आईने लॅपटॉपला उदबत्तीसुद्धा ओवाळली. आबा डोक्याला हात लावून बसले. "पत्रिका गेली रे माझी!"

शेवटी मला स्नॅपशॉट आठवला. तपासणी करताना मशीन बिघडतं, म्हणून चांगल्या अवस्थेत असताना ते आहे तसं जपून ठेवायचं. पुढे काही झालं तर त्या वेळेला परत जायचं. माझ्याकडे मंगळवारचा एक होता. तो लावला आणि म्हातारं काहीच झालं नसल्यासारखं उठून बसलं! आत पत्रिकाही जशीच्या तशी. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुगलो आणि त्याच तोऱ्यात फाईल छापखान्याला पाठवून दिली. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, एकदा वाचून घ्या." मी म्हणालो, "लागत नाही. आबांनी वाचलीय."

पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढे ठेवली, बाकीच्या वाटायला निघाल्या. घरात कुणीच वाचली नाही. (आपल्या घरची पत्रिका वाचतं कोण?) आबांनी चष्मा न लावताच वरच्या गणपतीला हात जोडले आणि म्हणाले, "झ्याक!"

हळदीच्या आदल्या सकाळी दारात टेंपो थांबला. मागे मोठाली पातेली, परात, झारे. पुढून दत्तूकाका उतरले, हातात पत्रिका. सरळ आबांसमोर येऊन उभे राहिले.

"दादा, मी लई वाकडं बोललो. तरी तुमी माझं नाव सगळ्यात वर ठेवलं!"

आबांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि वाचली. मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन मंगळवारात गेलं होतं, भांडण बुधवारचं होतं! रूपाली चौकट धरून उभी होती. आबांनी आता "हे चुकून छापलंय" एवढं म्हणायचा अवकाश, टेंपो आल्या पावली परत गेला असता.

आबांनी घसा साफ केला. "मग? दुसरं कोन घालनार? ह्या हातानं टाईप केलंय म्या."

त्यात खोटं काहीच नव्हतं! काकांना हुंदका आवरेना, तसे आबा त्यांच्यावरच खेकसले, "रडतोस काय लेका? त्या आचाऱ्याचं काय करायचं आता, ते सांग!"

"त्याला बुंदीला बसवू. वरण-भाजी माझ्याकडं."

रूपाली धावत आली आणि तिने काकांच्या खांद्यात तोंड लपवलं. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी टेंपोतलं पातेलं उचलायला गेलो. ते माझ्याच्याने उचलवेना, म्हणून आबा मदतीला आले.

"मशीन मागं गेलं व्हय रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय आबा. चुकलंच."

"बरं केलं त्यानं," ते म्हणाले. मग पातेल्याची दुसरी कड धरत, "पन एक घोटाळा झालाय बग."

घोटाळा असा, की बुधवारी काकांचं नाव पुसल्यावर त्या मोकळ्या जागेकडे बघता बघता आबांच्या लक्षात आलं होतं, की भावकी मांडण्याच्या नादात पोटचा पोरगाच राहिलाय. म्हणून तिथे त्यांनी माझं नाव घातलं होतं. मशीन मंगळवारात गेलं, काका पत्रिकेत आले आणि मी बाहेर!

लग्नात पंगतीला वाढताना नवऱ्याकडच्या एका पाहुण्यांनी विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

"नवरीचा भाऊ."

त्यांनी खिशातून पत्रिका काढली, वरून खाली वाचली, उलटून मागची बाजूही बघितली, आणि मोठ्या मनाने म्हणाले, "असू द्या, असू द्या. ढाब्यावरची पोरं बी घरच्यावानीच आसत्यात. वरण घाला जरा."

मी वरण घातलं.