बटाट्याचं खायचं काय?

फोन आला तेव्हा मी धारूरच्या बाजारात सलीमभाईंच्या गाड्यावर बटाटे निवडत होतो. बायको, सुलभा, दोन दिवसांसाठी सिरसाळ्याला भावाकडे गेली होती. तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, ताई गेली." पुढचं नीट ऐकू आलं नाही. हातातला बटाटा मी फिरवून पाहिला. हिरवा नव्हता. पिशवीत टाकला.

सुलभा विज्ञान शिकवायची, मी त्याच शाळेत मराठी. शाळेमागे तिचा बटाट्याचा वाफा होता. एवढ्याशा वाफ्यात किस्से तरी किती! स्टाफरूममध्ये कुणीतरी एक काढतं, की त्याला लगडून दुसरा येतो.

*

सलीमभाई आधी बटाटे उन्हात मांडायचे. हिरवट पडले की म्हणायचे, "मॅडम, ताजा माल हाय!"

"ताजा नाही, कडू. ऊन लागलं की विषारी होतो."

दुसऱ्या दिवशी बटाट्यांवर पोतं, आणि सलीमभाई उघड्यावर! "मॅडमचा हुकूम हाय. मी उन्हात, बटाटा सावलीत!"

*

एकादशीला मुख्याध्यापकांनी डबा उघडला. मोड आलेल्या बटाट्यांची भाजी, मोडांसकट!

"मटकीला मोड आले की पौष्टिक, मग बटाट्याला का नाही? आणि उपवासाला चालतो."

सुलभाने डबा अलगद ओढून घेतला. "देवाला चालेल सर, पोटाला नाही चालायचं!"

*

पीटीचे गित्ते सर उमापूरचे. हरभरा असो, करडई असो, कोवळं पान दिसलं की कच्च्या पाल्याचा घोळाणा! एकदा कांदा, मीठ, दाण्याचं कूट घेऊन थेट वाफ्यावर.

"सर, पाला नाही खायचा. देठ, फूल, फळ, काहीच नाही. फक्त जमिनीतला कंद."

"मग एवढं झाड कावून वाढवता?"

"त्यालाही जगायचंय की!"

*

फुलं मात्र ती माळायची. पांढरी, जांभळट झाक असलेली. त्या दिवसांत वर्गावर्गातून एक हलका जांभळा ठिपका फिरत राहायचा. मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचो.

*

एका हिवाळ्यात थंडी लांबली आणि झाडांना फळं धरली. आमच्याकडे हे क्वचितच. हिरव्या, लहान टोमॅटोसारखी.

गित्ते सर आशेने म्हणाले, "हे तरी?"

"हे तर मुळीच नाही!"

पण तिने फळं कुस्करून बिया धुतल्या, वाळवल्या. म्हणाली, "यातल्या प्रत्येक बीचा बटाटा वेगळा. जगात दुसरीकडे कुठेच नसलेला."

पुढच्या थंडीत एका रोपाला गोटीएवढे बटाटे आले, आतून गुलाबी.

"बारसं कधी, मॅडम?" गित्ते सरांनी विचारलं.

"पोटभर भाजी होऊ दे, मग."

ते सगळे तिने बियाण्याला ठेवले. यंदा मी लावले. चांगलं पातेलंभर निघाले. स्टाफरूममध्ये उकडून मिठाबरोबर खाल्ले. मग गित्ते सर हळूच म्हणाले, "लई गोड हायेत. काय म्हनायचं यांना, सर?"

नाव अजून ठेवलेलं नाही.