शहात्तर विटांचं दार

फेब्रुवारी २०००चा पहिला रविवार. कामाची एकूण रक्कम तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. साइटवर हजर: घरमालक मास्तर, त्यांच्या पत्नी सेलीनबाई, आमच्या आर्किटेक्ट वैजयंती मॅडम, गवंडी लखूदादा आणि मी. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंटेल ओतायचं होतं. लिंटेल म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा काँक्रीटचा पट्टा. तो पडला की दार कुठे आणि खिडकी कुठे, हे कायमचं ठरतं.

सेलीनबाई चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून तशाच आल्या होत्या. रस्त्याच्या बाजूच्या अंगणात त्या पावलं टाकून मोजत होत्या. मोजून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“इंजिनिअर, मे महिन्यात आमच्या ग्रेटाचं लग्न. मांडव इथे पडणार. घराचं दार कुठाय?”

“पलीकडे, पश्चिमेला. नकाशात आहे.”

“मग मांडवातले पाहुणे कशाकडे बघत बसणार?”

मी नकाशा उलगडला. पूर्वेला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, डावीकडे न्हाणीघर, मध्ये कोठीची खोली, उजवीकडे स्वयंपाकघर. मला खोटं बोलता येत नाही.

“न्हाणीघराकडे,” मी म्हणालो.

यावर त्या जे बोलल्या ते त्यांच्या घरच्या बोलीत होतं. मला शब्द कळले नाहीत. अर्थ कळला.

आमची कंपनी म्हणजे तीन माणसं, एक स्कूटर आणि तुळिंजला पिठाच्या गिरणीवरची एक खोली. मॅडम नकाशे काढायच्या, मी हिशेब आणि देखरेख करायचो, लखूदादा बांधायचे. वर्षाला दोन घरं, फार तर तीन. बाकीचे बिल्डर वाड्या तोडून चार मजली इमारती उभ्या करत होते. आम्ही झाड न तोडता, विहीर न बुजवता, कमी विटांत आणि पंख्याशिवाय राहता येईल असं घर बांधून द्यायचो. निदान आमच्या पत्रकात तसं छापलेलं होतं.

मास्तरांच्या वाडीत मॅडमनी दोन दिवस उदबत्ती लावून वारा कुठून येतो ते पाहिलं होतं. वारा समुद्राकडून, विहिरीवरून येत होता. म्हणून ओटी आणि दार पश्चिमेला, पाठ रस्त्याला. मी किती झाडं वाचली, किती पाणी छपरावरून विहिरीत जाईल, सगळं मोजलं होतं. मास्तरांनी नकाशावर सही केली होती. सेलीनबाईंना कोणी विचारलं नव्हतं.

चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होण्यासारखी होती. माझं लग्न हॉलमध्ये झालं, मॅडमचं रजिस्टर ऑफिसात. मी आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दारातला मांडव आम्हा दोघांच्या हिशेबातच नव्हता. इथल्या ख्रिस्ती घरांत मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात, ते वाजतगाजत मांडवात येतं, आणि नवरी मांडवातून चर्चला निघते ती घराच्या पुढच्या दारातून.

“माझी पोरगी काय मागच्या दाराने, मोरी ओलांडून निघणार?” सेलीनबाईंनी आता शुद्ध मराठीत विचारलं. “त्यापेक्षा बांधकाम थांबवा. जुन्या घराच्या जोत्यावर मांडव घालते.”

“अगं, पण वारा...” मास्तर म्हणाले.

“वाऱ्याला आमंत्रण दिलंय का मी?”

मी भिंतीकडे पाहिलं. पूर्वेची भिंत सात फूट उभी होती. आमच्या भिंती साध्या नसत. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवायच्या, म्हणजे मध्ये पोकळी राहते. विटा पाव हिश्श्याने कमी लागतात आणि भिंत तापत नाही. पण अशा भिंतीत मागाहून दार फोडता येत नाही. दाराच्या दोन्ही कडा आधीपासून भरीव बांधाव्या लागतात, नाहीतर बाजूची भिंत ढिली पडते.

“भिंत उतरवायची तर दहा दिवस जातील,” मी म्हणालो. “उद्याचं काँक्रीट रद्द. पुढे सुताराची तारीख चुकेल, मग कौलांची. मेपर्यंत घर होणार नाही.”

सेलीनबाई तिथल्याच विटांच्या थप्पीवर बसल्या. रागावल्या होत्या तेव्हा बरं वाटत होतं. आता त्या नुसत्या अंगणाकडे बघत होत्या.

तेवढ्यात लखूदादा खाकरले. हे कामणचे. चाळीस वर्षं गवंड्याची करणी हातात.

“सायेब, ह्या भिंतीत तुमच्या किती विटा जादा गेल्या?”

हा टोमणा होता. त्या भिंतीला माझ्या हिशेबाने १,४६० विटा लागायला हव्या होत्या. लागल्या १,५३६. शहात्तर विटा कुठे गेल्या, यावरून आमचं दोन आठवडे वाजत होतं. शेवटी मी त्यांच्या बिलातून तेवढे पैसे कापले होते.

“शहात्तर,” मी म्हणालो.

“या, दावतो.”

कोठीच्या खोलीच्या मधोमध जाऊन त्यांनी करणीच्या दांड्याने भिंत ठोकली. बद्द. आणखी चारेक फूट पुढे, पुन्हा बद्द. पोकळ भिंत असा आवाज देत नाही. मग मधल्या विटांच्या दरजेत करणीचं टोक घालून त्यांनी वरचं सिमेंट खरवडलं. आत सिमेंट नव्हतं, माती होती. त्यांनी वीट हाताने ओढून काढली. मग दुसरी. मग तिसरी.

“दोन्ही कडा भरीव घेतल्यात. साडेतीन फुटांचं दार हाय. मधल्या विटा नुसत्या मातीत रचल्यात. दुपारपतुर मोकळं करतो.”

“दादा, मग आधी का नाही बोललात?” मॅडमनी विचारलं.

“बोललो की पैल्याच दिवशी. दार रस्त्याला ऱ्हाऊ द्या म्हनलो. तुमी मला अर्धा तास वारा शिकवलात. मंग मी गप ऱ्हायलो.”

“आणि मला?” मी विचारलं. “मी रोज विटा मोजत होतो.”

“तुमी विटा मोजल्यात. भिंत कुठं बगितलीत?”

सेलीनबाई हसायला लागल्या, मग मास्तर, आणि शेवटी नाइलाजाने मी.

दुपारी तीनपर्यंत दार मोकळं झालं. कोठीची खोली पुढची ओटी झाली, न्हाणीघराचं पाणी मी बाजूने केळींकडे वळवलं. लिंटेल सोमवारीच पडलं. समोरासमोर दोन दारं आल्याने वारा घरातून आरपार जायला लागला. मूळ नकाशापेक्षा घर जास्त गार झालं. पुढची चार घरं मॅडमनी अशीच काढली आणि ती कल्पना कोणाची, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

मे महिन्यात ग्रेटा त्या दारातून निघाली. मी मांडवात बसलो होतो आणि न्हाणीघराकडे कोणी बघत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या साइटच्या फॉर्मवर जमीन, झाडं आणि विहीर यांच्या खाली एक ओळ वाढली: ‘घरात लग्नं किती व्हायची आहेत?’ आणि फॉर्म घरातल्या बाईसमोर भरायचा, असा नियम झाला.

जादा दाराचे ४,८५० रुपये सुताराला कंपनीने दिले, कारण चूक कंपनीची होती. लखूदादांना त्यांच्या कापलेल्या शहात्तर विटांचे, एक रुपया वीस पैशांप्रमाणे, ९१ रुपये २० पैसे मी मांडवातच परत केले. त्यांनी ते दोनदा मोजून घेतले.