पहिले ऐकून घ्या

"पहिले ऐकून घ्या, मग दस्तखत," असं म्हणून ते कागद टाइपरायटरमधून काढायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागायचे.

बऱ्हाणपूरच्या कोर्टाच्या आवारात त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. ते टायपिस्ट, मी वकील आणि नोटरी. शपथपत्र ते टाइप करायचे, शिक्का मी मारायची. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. खरं नाव निम्म्या आवाराला ठाऊक नव्हतं, म्हणून मीही इथे सांगत नाही.

तुम्ही कधी अशा आवारात बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथे कागद कुणी वाचत नाही. जागा दाखवतात, माणूस सही करतो. बाबूजी मात्र पूर्ण वाचायचे, तेही असं की कुणाची गुणपत्रिका हरवली, कुणाचं वय शाळेत चुकीचं लागलं, हे पलीकडच्या चहावाल्यालाही कळावं. समोरचा 'बरोबर' म्हणाला की मगच पेन हातात द्यायचे. शाहपूरकडच्या एका केळीवाल्या पाटलांना आपली बायको आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे हे असंच सगळ्यांदेखत कळलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. पाटील बायकोकडे बघतच राहिले. बाबूजींनी शांतपणे विचारलं, दुरुस्ती करायची का? बाई म्हणाल्या, "राहू द्या. खरं हाय ते."

अशा माणसाने काही कागद मात्र न वाचता केले होते. ते त्यांच्या एकुलत्या मुलीचे, वैशालीचे.

वैशालीचं लग्न रावेरला झालं होतं. आम्ही सगळे जेवून आलो होतो. आठ महिन्यांत जावई काविळीने गेला आणि ती शनवारा पेठेतल्या बाबूजींच्या घरी परत आली. त्यानंतर रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट, जो फॉर्म येईल त्यावर बाबूजींनी तिचं माहेरचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, अविवाहित. बावीस वर्षांच्या पोरीला तो दुसरा शब्द कशाला चिकटवायचा, असं त्यांच्या मनात असणार. आम्हाला कळत होतं. कुणी बोललं नाही. मी तर दोनदा शिक्काही मारला. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

सहा वर्षं गेली. वैशाली पुण्याला नोकरी करत होती. ऑफिसातला चेन्नईकडचा एक मुलगा तिच्याशी लग्न करणार होता. त्याच्या घरच्यांना तिची हकीकत कळली आणि ते दार बंद झालं. इकडे पुन्हा मांडव घालायची बाबूजींना हिंमत नव्हती. इथे रजिस्टर लग्न करायचं तर महिनाभर आधी नोटीस लागते आणि ती त्याच्या घरी कळली असती, म्हणून वैशालीने आणि त्या मुलाने ठरवलं, मॉरिशसला जायचं. तिथे दोघंही परके, पण परक्यांचंही लग्न तिथल्या कायद्याने रीतसर लागतं. फक्त कागद पक्के पाहिजेत.

कागद म्हटल्यावर बाबूजी खुलले. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी यादी केली. जन्माचे दाखले, पासपोर्ट, वडिलांचं शपथपत्र, सगळ्याच्या इंग्रजी प्रती, मग राज्य सरकारचा भोपाळचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा दिल्लीचा. कागद फार जुने चालत नाहीत म्हणून आधी काय, नंतर काय, तेही लिहून काढलं. मग शपथपत्र टाइप करायला बसले आणि "माझी मुलगी" इथवर येऊन थांबले. कागद तीन दिवस मशीनमध्ये तसाच होता.

चौथ्या दिवशी मला म्हणाले, सगळे कागद एक सांगतात, त्यात हाच वेगळं सांगायला लागला तर तिथले लोक लग्न थांबवतील. मी म्हटलं, आणि खोटं उघडं पडलं तर झालेलं लग्नसुद्धा धोक्यात येईल. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्या शनिवारी वैशाली आली. पक्षकारांच्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेतली, मशीनमधला अर्धा कागद वाचला.

"पप्पा, तो होता," ती म्हणाली.

"हो बेटा. लेकिन कागदावर कशाला..."

"कागदावरच लिहा. घरात तर तुम्ही त्याचा फोटोपण ठेवला नाही. आठ महिने होता तो. लिहा."

कुणी रडलं नाही. मी शिक्क्याची शाई बघत बसले. मला लाज वाटत होती.

मग आधीचे सगळे कागद दुरुस्त करायला चार महिने गेले. जावयाचा मृत्यूचा दाखला आणायला बाबूजी एकटेच रावेरला गेले. विहीणबाईंनी मुलाचा दाखला प्लास्टिकमध्ये पक्का बसवून घेतला होता. त्यावर शिक्का मारता येत नाही, नवी प्रत काढावी लागते. कशाला पाहिजे, त्यांनी विचारलं. बाबूजींनी सांगितलं, वैशालीचं लग्न आहे. बाईंनी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर नगरपालिकेत आल्या. हे सांगताना बाबूजी टाइपरायटरची फीत बदलत होते. बोटं काळी झाली तरी बदलत राहिले.

शपथपत्र तयार झालं. सवयीने त्यांनी चष्मा खाली घेतला. मी कागद काढून घेतला.

"बाबूजी, आज दस्तखत तुमची. पहिले ऐकून घ्या."

ते उठून उभे राहिले, हात पुढे जोडून, पहिल्यांदा कोर्टात आलेल्या माणसासारखे. मी वाचलं. की माझ्या मुलीचा पहिला विवाह रावेर येथे झाला होता. की तिचे पती वारले असून ती विधवा आहे आणि विवाह करण्यास मोकळी आहे. मधे गेलेल्या जावयाचं पूर्ण नाव होतं. आमच्या आवारात सहा वर्षांत ते कुणी घेतलं नव्हतं. मी ते मोठ्याने घेतलं.

"बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले आणि दस्तखत केली.

लग्नाला ते गेले नाहीत. मुलीचे कागद करता करता स्वतःचा पासपोर्ट काढायचा राहून गेला होता. त्या दुपारी वैशालीचा फोन आला. लग्न लागलं होतं. बाबूजींनी विचारलं, तिथल्या साहेबाने कागद वाचून दाखवले का? हो, म्हणाली, सगळे.

"त्याचं नाव घेतलं?"

"घेतलं पप्पा. उच्चार चुकला, पण घेतलं."

मी म्हटलं, आवारात मावा-जिलबी वाटू या. ते म्हणाले, उद्या. उद्याही आणली नाही, आणि मी परत विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या दिवशी मी सहा शपथपत्रांवर शिक्के मारले. एकही वाचलं नाही.

आता त्यांच्या जागी कॉम्प्युटर आहे. नावं बदलली की कागद बाहेर येतो. वारसाच्या शपथपत्रासाठी वैशाली आली तेव्हाही तो असाच दोन मिनिटांत आला. ऑपरेटरने सहीची जागा दाखवली. तिने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी कागद पुढे ओढला, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले. मयताचं नाव वाचलं तेव्हा ऑपरेटरने मान वर केली. हे कोण, त्याने विचारलं. बाबूजी, मी म्हटलं आणि पुढे वाचलं. मयताची वारस एक मुलगी, विवाहित. वाचून झालं तरी मी थांबून राहिले. सहीआधीचा तो एक शब्द ऐकायची माझ्या कानांना सवय होती.

"बरोबर," वैशाली म्हणाली आणि तिने दस्तखत केली.